आप्तवचन आणि अर्काची कसोटी

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात वेदांचे प्रामाण्य मांडताना गौतमाने मंत्र आणि आयुर्वेद यांचा दाखला दिला आहे. वैद्याने सांगितलेले औषध लागू पडते, हे लोकांना डोळ्यांनी दिसते. त्यावरून ते सांगणारा आप्त भरवशाचा ठरतो. म्हणून जे पडताळून पाहता येत नाही अशा बाबतीतही आप्ताचा शब्द मानावा, असा हा युक्तिवाद आहे. त्याची दिशा ध्यानात घेण्याजोगी आहे. औषधाला गुण येतो हे आधी दिसले आणि त्या दिसण्यातून वचनाला वजन आले. औषधी वनस्पतींची चाचणी घेणे म्हणजे शास्त्रावर अविश्वास दाखवणे, असे मानणाऱ्यांना न्यायदर्शनाचा आधार मिळणे त्यामुळे अवघड आहे.

आज कडुनिंब, गुळवेल, अडुळसा, हळद, दारुहळद अशा वनस्पतींचे अर्क देशभरातल्या प्रयोगशाळांमध्ये जंतूंवर आणि कर्करोगाच्या पेशींवर तपासले जातात. निष्कर्ष अनुकूल आला की 'परंपरेचे म्हणणे विज्ञानाने सिद्ध केले' असे म्हटले जाते. प्रतिकूल आला की 'प्रयोगशाळेला आयुर्वेद कळत नाही' असे म्हणून तो बाजूला सारला जातो. दोन्ही प्रतिक्रियांमध्ये एक प्रश्न राहून जातो. काचेच्या ताटलीत अर्काची चाचणी होते तेव्हा नेमकी परीक्षा कशाची होते? हा प्रश्न मुळात प्रमाणशास्त्राचा आहे.

शब्द आणि त्याचे प्रामाण्य

न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अकराव्या अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती असे परीक्षेचे चार मार्ग येतात. रोगज्ञानाच्या संदर्भात विमानस्थानात पहिली तीनच साधने सांगितली आहेत आणि त्यांचा क्रमही दिला आहे: आधी आप्तोपदेशाने जाणावे, मग प्रत्यक्ष आणि अनुमान यांनी पारखावे. म्हणजे चरकाच्या लेखी आप्ताचा शब्द ही परीक्षेची सुरुवात आहे.

आप्त कोण, याचे उत्तर न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात आहे. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू होते, असेही तो स्पष्ट करतो. चरकही सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगतो की गुराखी, शेळ्यामेंढ्या राखणारे आणि रानात राहणारे लोक औषधी नावारूपाने ओळखतात. मात्र त्यांचा योग कसा करावा हे जाणणारा वेगळा. म्हणजे वनौषधीविषयी बोलण्याचा अधिकार कुळावर किंवा देशावर अवलंबून नाही. पाहिलेले असणे आणि खरे सांगणे, एवढ्या दोनच अटी आहेत.

यापुढे मीमांसक आणि नैयायिक यांचा जुना वाद येतो. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःप्रमाण असते: त्याला बाध आणणारे काही पुढे येत नाही तोवर ते खरे धरून चालावे. नैयायिकांच्या मते प्रामाण्य परतः कळते: दुरून पाणी दिसले, जवळ गेल्यावर तहान भागली, तेव्हा आधीचे ज्ञान खरे होते असे ठरते. कृतीला आलेले यश ही त्याची कसोटी.

औषधांविषयीच्या भारतीय कायद्यात या दोन्ही भूमिका शेजारी शेजारी नांदताना दिसतात. १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आयुर्वेदाच्या अधिकृत ग्रंथांची यादी आहे. त्यांतील पाठाप्रमाणे केलेल्या औषधाला परवाना देताना परिणामकारकतेचा पुरावा म्हणून ग्रंथातला उल्लेख चालतो. ही भूमिका मीमांसकांच्या जवळची आहे. उलट २०१५ साली 'फायटोफार्मास्युटिकल' हा नवा वर्ग नियमांत आला. त्यात वनस्पतीचा शुद्ध व प्रमाणित अंश घ्यावा लागतो, त्यातील किमान चार घटक ओळखून मोजावे लागतात आणि सुरक्षितता व उपयुक्तता प्रयोगांनी दाखवावी लागते. येथे ग्रंथाचा उल्लेख पुरत नाही. फळ दाखवावे लागते.

ताटलीत काय दिसते

चाचणीची रीत साधी आहे. पाने सावलीत वाळवून त्यांची भुकटी करतात. ती मिथेनॉल, इथेनॉल, हेक्झेन किंवा पाणी अशा द्रावकात भिजवतात किंवा सॉक्सलेट यंत्रात फिरवतात. द्रावक उडवून लावला की तळाशी चिकट, बहुधा हिरवट काळा गोळा उरतो. हा कच्चा अर्क. जंतूंवरच्या चाचणीत अगर ओतलेल्या पेट्री डिशवर जंतू सारखे पसरतात, अगरमध्ये सहा-आठ मिलिमीटरची भोके पाडून त्यांत अर्क भरतात आणि ताटली ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवतात. सकाळी सगळीकडे जंतूंची दुधट साय धरलेली असते. अर्क लागू पडला असेल तर भोकाभोवती स्वच्छ कडे दिसते. प्रयोगशाळेत त्याला 'झोन' म्हणतात आणि तो मिलिमीटरमध्ये मोजतात.

कर्करोगासाठी पेशींच्या कुळी वापरतात. १९५१ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे एका स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या हेला पेशी आजही जगभर वाढवल्या जातात. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये अशा पेशी, त्यांवर चढत्या मात्रेने अर्क आणि शेवटी एमटीटी हे पिवळे रसायन घालतात. जिवंत पेशी त्याचे जांभळ्या रंगात रूपांतर करतात. जांभळा रंग जितका फिका, तितक्या पेशी मेलेल्या. निम्म्या पेशी ज्या मात्रेला मरतात, ती आयसी-५०.

हे सगळे प्रत्यक्ष आहे. पण प्रत्यक्षही फसवे असू शकते. अगरमध्ये पाणीच अधिक असते, त्यामुळे पाण्यात न विरघळणारा तेलकट रेणू कितीही जालीम असला तरी फार पसरत नाही आणि त्याचे कडे लहान पडते. झोनच्या रुंदीवरून दोन अर्कांची तुलना करणे म्हणूनच धोक्याचे असते. किमान किती मात्रेने वाढ थांबते हे द्रवात वेगळे मोजावे लागते. अनेक वनस्पतींमधील क्षपणक द्रव्ये पेशींच्या मदतीशिवाय एमटीटीला जांभळे करतात. मग मेलेल्या पेशी जिवंत भासतात. हिरडा किंवा बाभळीच्या सालीतील टॅनिने समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतात, म्हणून ती जवळजवळ प्रत्येक चाचणीत 'गुणकारी' ठरतात.

हे भ्रम दूर करण्यासाठी नुसता द्रावक घातलेला एक खळगा आणि परिणाम माहीत असलेल्या औषधाचा दुसरा खळगा ठेवतात. न्यायशास्त्राच्या भाषेत हा अन्वय-व्यतिरेक आहे: कारण असताना कार्य दिसले पाहिजे आणि कारण नसताना दिसता कामा नये. ज्या प्रयोगात द्रावकाचा खळगाच नाही, त्यात पेशी अर्काने मेल्या की मिथेनॉलने, हे सांगता येत नाही.

हेतू कोठे सुटतो

प्रत्यक्ष निर्दोष असले तरी त्यावरून काढलेले अनुमान निर्दोष असेलच असे नाही. 'हा अर्क कर्करोगावरचे औषध आहे, कारण तो कर्करोगाच्या पेशी मारतो' या विधानात पेशी मारणे हा हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, आहे. पण साबणाचे पाणी, स्पिरिट आणि ब्लीचिंग पावडरसुद्धा त्याच पेशी मारतात. जो हेतू साध्य असलेल्या ठिकाणी आढळतो आणि नसलेल्या ठिकाणीही आढळतो, त्याला नैयायिक सव्यभिचार किंवा अनैकान्तिक हेत्वाभास म्हणतात. पेशी मारणे हा तसाच हेतू आहे.

हे अनुमान वाचवायचे तर उपाधी, म्हणजे न सांगितलेली अट, शोधावी लागते. जेथे अग्नी तेथे धूर, ही व्याप्ती खरी नाही. सरपण ओले असेल तरच धूर होतो. येथेही तसेच आहे. रोगट पेशी मरतात त्या मात्रेला निरोगी पेशी वाचल्या पाहिजेत आणि तेवढी मात्रा माणसाच्या रक्तात पोचली पाहिजे. या दोन अटी जोडल्या की हेतू कामाचा होतो. म्हणूनच काटेकोर प्रयोगात निरोगी पेशींची कुळीही शेजारी ठेवतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या प्रचलित निकषानुसार कच्च्या अर्काची आयसी-५० दर मिलिलिटरला सुमारे २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या आत असेल, तरच तो पुढे तपासण्याजोगा मानतात. शेकडो मायक्रोग्रॅमला दिसणारा परिणाम बहुतेकदा काहीच सांगत नाही.

दुसऱ्या अटीचे उदाहरण हळदीत आहे. कर्क्युमिन प्रयोगशाळेत कर्करोगाच्या अनेक पेशींवर परिणाम दाखवते, पण त्यासाठी सहसा ५ ते ५० मायक्रोमोलर मात्रा लागते. तैवानमध्ये केलेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन घेणाऱ्यांच्या रक्तात त्याची सर्वाधिक पातळी सरासरी २ मायक्रोमोलरच्याही आत राहिली. ताटलीला यकृत नसते, आतडे नसते, मूत्रपिंड नसते. शरीरात गेलेले औषध या सगळ्यांतून तावून निघते.

शब्द एक सांगतो, प्रयोग दुसरेच

सदाफुलीची कथा या संदर्भात बोधप्रद आहे. जमैकात तिच्या पानांचा चहा मधुमेहावर घेत असत. १९५२ साली ती पाने कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्याकडे पोचली. अर्क तोंडाने देऊन प्रयोगातल्या उंदरांची रक्तशर्करा उतरली नाही. तो टोचून दिल्यावर उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशी नाहीशा होत होत्या. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी त्यामागचा घटक वेगळा केला, तो विनब्लास्टीन. त्याच झाडातून पुढे मिळालेले विन्क्रिस्टीन लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही वापरले जाते. लोकपरंपरेने या झाडाकडे बोट दाखवले, पण ज्या गुणासाठी दाखवले तो गुण चाचणीत आढळला नाही. येथे शब्द सिद्ध झाला असे म्हणता येत नाही आणि तो निरुपयोगी होता असेही म्हणता येत नाही.

काही औषधांच्या मागे आप्तवचनच नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० ते १९८२ या काळात सुमारे ३५,००० वनस्पतींचे अर्क सरसकट तपासले. त्यातून पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीतील टॅक्सॉल आणि चीनमधल्या एका वृक्षातील कॅम्प्टोथेसिन ही द्रव्ये पुढे आली. दोन्हींचा शोध मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी लावला. वाणी मूळचे खानदेशातल्या नंदुरबारचे आणि मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी. १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना हेच कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीत वाढणाऱ्या, उग्र दुर्गंधीच्या नरक्या या झाडात आढळले. त्यानंतर नरक्याची इतकी बेसुमार तोड झाली की आता त्याच्या संवर्धनाचा प्रश्न उभा आहे.

कॅम्प्टोथेसिन ताटलीत आणि उंदरांत प्रभावी ठरले होते. तरीही १९७०च्या दशकाच्या प्रारंभी माणसांवरच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या, कारण मूत्राशयातून रक्तस्राव आणि इतर गंभीर त्रास होऊ लागले. त्याच्या रेणूत बदल करून केलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे अमेरिकेत १९९६ मध्ये मान्य झाली. पेशींवरचा परिणाम आणि औषध यांच्यामध्ये सुमारे तीन दशकांचे अंतर पडले.

शब्द आणि प्रयोग एकमेकांना पूरक ठरल्याचे उदाहरण चीनमधले आहे. हिवतापावर औषध शोधताना तू यूयू यांच्या गटाला छिंगहाव या वनस्पतीच्या अर्काचे निष्कर्ष कधी चांगले तर कधी वाईट मिळत होते. चौथ्या शतकातल्या गे हाँग या वैद्याच्या ग्रंथात ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून, रस प्यायला सांगितला आहे. उकळायला सांगितलेले नाही. उष्णतेने गुण जात असावा, असे तू यूयू यांनी त्यावरून ताडले आणि ३५ अंशांच्या आसपास उकळणारे ईथर वापरले. ऑक्टोबर १९७१ मध्ये तो अर्क उंदरांच्या हिवतापावर पूर्ण परिणामकारक ठरला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले आणि २०१५चे नोबेल पारितोषिकही. हा ग्रंथ मंत्रासारखा डोळे मिटून म्हटला गेला नाही किंवा अडगळीतही टाकला गेला नाही. कृतीचा बारकावा अक्षरशः पाहून वाचला गेला आणि मग पारखला गेला.

यावरून भारतीय चाचण्यांतली एक नेहमीची चूकही स्पष्ट होते. वैद्य काढा देतो, स्वरस देतो, तुपात सिद्ध करून देतो. प्रयोगशाळा मिथेनॉलमधला अर्क तपासते. मिथेनॉलमध्ये उतरणारी द्रव्ये काढ्यात उतरतीलच असे नाही. अशा चाचणीचा निष्कर्ष कसाही येवो, तो वैद्याच्या काढ्याविषयी काहीच सांगत नाही.

शब्दाला न दिसणारे

आप्ताची पहिली अट म्हणजे त्याने वस्तू पाहिलेली असणे. जे पाहणे त्या काळी शक्यच नव्हते, त्याविषयी आप्तवचन असू शकत नाही. जखम भरली, ताप उतरला, हगवण थांबली, गाठ कमी झाली, हे जुन्या वैद्यांनी पाहिले होते आणि नोंदले होते. जंतू त्यांनी पाहिले नव्हते. कर्करोगाची पेशींवरून ओळख एकोणिसाव्या शतकातली आहे. 'हे जंतुनाशक आहे असे आयुर्वेद सांगतो' हे वाक्य म्हणूनच सैल आहे. आयुर्वेद जखमेविषयी सांगतो. जंतूंचे अनुमान आजचे आहे. हळदीचा जखमेवरचा उपयोग मात्र खरे आप्तवचन आहे. १९९५ साली त्यावर अमेरिकेत दिलेले पेटंट भारताच्या सीएसआयआरने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये रद्द झाले, तेव्हा संस्कृत ग्रंथांतले उल्लेख पुराव्यात धरले गेले.

वापर आणि अपाय यांच्यामध्ये अनेक वर्षे गेली, तर अनुभवालाही अपाय दिसत नाही. ईश्वरी या वेलीच्या कुळातील वनस्पती भारत, चीन आणि युरोप या तिन्ही परंपरांत शतकानुशतके औषध म्हणून वापरल्या गेल्या. १९९३ साली बेल्जियममधून बातमी आली की वजन कमी करण्यासाठी चिनी वनौषधी घेणाऱ्या स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी होत आहेत. एका वनस्पतीच्या जागी चुकून या कुळातील दुसरी वापरली गेली होती. पुढे अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. आज या कुळातील ॲरिस्टोलोकिक आम्ल माणसात कर्करोग घडवणारे म्हणून निश्चित झाले आहे. हजार वर्षांच्या वापरात हे कोणाच्या लक्षात आले नाही. यात कोणी खोटे सांगितले नव्हते. कारण आणि कार्य यांतले अंतर एका वैद्याच्या नजरेच्या टप्प्याबाहेरचे होते. 'पूर्वापार चालत आले आहे, म्हणजे निर्धोक असणारच' हे अनुमान येथे कोसळते.

प्रभाव आणि युक्ती

चाचणीवर आयुर्वेदाच्या बाजूने घेतला जाणारा गंभीर आक्षेप असा: औषधाचे काम एका रेणूत सापडत नाही. द्रव्याचा गुण रस, वीर्य, विपाक यांवरून सांगता येतो, पण नेहमी नाही. चित्रक आणि दंती यांचा रस, विपाक आणि वीर्य सारखे असूनही दंती रेचक आहे आणि चित्रक नाही. या न सांगता येणाऱ्या विशेष सामर्थ्याला चरक प्रभाव म्हणतो. सुश्रुतही बजावतो की हजार कारणे दिली तरी अंबष्ठादि गणातील द्रव्ये रेचक होणार नाहीत. येथे तर्क चालवू नये.

या सांगण्याचा आधार घेऊन प्रभावाला चाचणीच्या कक्षेबाहेर ठेवले जाते, पण त्याचा अर्थ उलट आहे. जेथे कारण सांगता येत नाही तेथे कार्य दिसलेच पाहिजे; नाही तर प्रभाव मानायला आधारच उरत नाही. दंती रेचक आहे हे पोट साफ झाल्याने कळते. सुश्रुताचा निषेध दिसलेल्या परिणामाला कोरड्या तर्काने खोडण्याविषयी आहे. परिणाम दिसतो का हे पाहण्याला त्यात मनाई नाही. टॅक्सॉलची साल १९६२ साली गोळा झाली, रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली, ते पेशीविभाजन कसे रोखते हे सुसान हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवले. तोवरची त्याची स्थिती प्रभावाची म्हणता येईल: काम दिसत होते, कारण ठाऊक नव्हते.

अनेक द्रव्यांच्या योगाचा प्रश्न उरतो, आणि त्यासाठी चरकाची युक्ती उपयोगी आहे. अनेक कारणांच्या एकत्र येण्यातून होणारे कार्य जाणणारी बुद्धी म्हणजे युक्ती. पाणी, नांगरट, बी आणि ऋतू यांच्या योगातून पीक येते, हे चरकाचे उदाहरण. युक्ती हे स्वतंत्र प्रमाण की अनुमानाचाच प्रकार, यावर पुढे मतभेद झाले. तिचे काम मात्र स्पष्ट आहे. द्रव्य, मात्रा, कल्पना (औषध तयार करण्याची रीत), काळ, रोगी यांतल्या कोणत्या जुळणीने फळ येते, हे ती विचारते. मुंबईत डॉ. अशोक वैद्य यांनी मांडलेली 'रिव्हर्स फार्माकॉलॉजी' या दिशेने जाते: वापरात असलेल्या औषधाचा रोग्यावरचा परिणाम आधी काटेकोरपणे नोंदवायचा, मग माणसांवर शिस्तबद्ध चाचणी आणि शेवटी प्रयोगशाळेत कारणाचा शोध. येथे वैद्याने जसे औषध दिले तसेच तपासले जाते.

दाव्याची मर्यादा

यातून तीन प्रकारची विधाने वेगळी करता येतात. 'अमुक अर्काने ताटलीतल्या पेशी किंवा जंतू अमुक मात्रेला मेले' हे प्रत्यक्षाचे विधान आहे. 'अमुक औषध पूर्वीपासून अमुक विकारावर दिले जाते' हे शब्दाचे विधान आहे. 'या औषधाने रोगी बरा होतो' हे तिसरे विधान पहिल्या दोहोंची बेरीज करून मिळत नाही. ते रोग्यांवरच्या चाचणीनेच मिळते. ताटलीतल्या निष्कर्षाला परंपरेचे नाव आणि परंपरेला ताटलीतला आकडा जोडून तिसरे विधान उभे केले, की दोन खऱ्या गोष्टींतून एक खोटी तयार होते.

ही चूक केवळ तर्काची राहत नाही. कर्करोगाचा रोगी आशेवर जगत असतो. 'कर्करोगविरोधी' हा शब्द वाचून तो चालू उपचार सोडू शकतो, आणि गेलेले महिने परत येत नाहीत. कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींवर १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. पण संशोधनपत्रिकेतले ढिले शीर्षक त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. तेथे आप्ताची दुसरी अट लागू होते: जसे जाणले तसेच सांगणे, त्याहून अधिक नाही. ही अट ग्रंथातल्या ऋषींइतकीच पांढरा कोट घालून झोन मोजणाऱ्यालाही लागू आहे. ती पाळली गेली तर चाचणी आप्तवचनाची विरोधक राहत नाही. पुढच्या पिढीला भरवसा ठेवता येईल असे नवे आप्तवचन तिच्यातूनच तयार होते.